रिटर्न भरलं, पण सही केली का? आयकर रिटर्नची पडताळणी, पहिल्यांदा भरणाऱ्यांसाठी

गेल्या दिवाळीत मामा फराळाला आले होते. चकली मोडता मोडता म्हणाले, "अगं, माझा रिफंड काही अजून जमा झाला नाही. जुलैतच भरलंय रिटर्न, पैसे देऊन भरून घेतलंय." भरून देणाऱ्याने दिलेला एक छापील कागदही त्यांनी पिशवीत जपून ठेवला होता. तो पाहिला आणि लक्षात आलं. कागदाच्या खालच्या भागात सहीची जागा कोरी होती. आयकर खात्याचं पोर्टल (रिटर्न भरायचं संकेतस्थळ) उघडून पाहिलं तर रिटर्नच्या नावापुढे ‘पेंडिंग फॉर ई-व्हेरिफिकेशन’. म्हणजे रिटर्न तयार करून वर पाठवलं होतं, पण त्यावर मामांची सही झालीच नव्हती. ओटीपी त्यांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जात होता, म्हणून भरून देणारा ‘नंतर करू’ म्हणाला आणि ते तसंच राहून गेलं.

पहिल्यांदा रिटर्न भरणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, कुठे मिळतो, ८०सी च्या गुंतवणुकीच्या वजावटीत काय धरायचं, हे सगळे विचारतात. शेवटची सही मात्र कुणी विचारत नाही, कारण ती आता सहीसारखी दिसतच नाही. सहा आकड्यांचा एक ओटीपी टाकला की झाली. आणि तो टाकला नाही, तर तीस दिवसांनंतर तुमचं रिटर्न मुदतीत भरलेलं धरत नाहीत. सही कधीच झाली नाही तर ते अवैधच ठरतं. मग आकडे कितीही अचूक असोत.

सही कशावर होते, ते आधी वाचा

प्रत्येक रिटर्नच्या शेवटी एक प्रतिज्ञापन असतं. मी अमुक, अमुक यांचा मुलगा किंवा मुलगी, माझ्या माहितीप्रमाणे यातली माहिती खरी आणि पूर्ण आहे, असा त्याचा मजकूर असतो. कागदावर पेनाने सही करा किंवा ओटीपी टाका, तुम्ही या वाक्यांखाली स्वतःचं नाव घालत असता. खोटं प्रतिज्ञापन केलं तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २७७ खाली खटला होऊ शकतो. तो होतो ज्याने सही केली त्याच्यावर.

म्हणून एक गोष्ट मी घरात सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. रिटर्न कुणीही भरून देवो, सीए असो, ओळखीचा मुलगा असो की कोपऱ्यावरचं सायबर कॅफे, "काका, ओटीपी आलाय तो सांगा" असा फोन आला की लगेच आकडे वाचून दाखवू नका. आधी भरलेल्या रिटर्नची पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागवा. त्यात चार गोष्टी बघा: एकूण उत्पन्न तुमच्या फॉर्म १६ शी आणि एआयएसशी (पोर्टलवर दिसणारी तुमच्या उत्पन्नाची खात्याकडची नोंद) जुळतं का, वजावटी खरंच तुमच्याच आहेत का, रिफंडचं बँक खातं तुमचं आहे का, आणि करप्रणाली जुनी, म्हणजे बहुतेक वजावटी मिळणारी, निवडलीय की नवी. मोठा रिफंड काढून देतो म्हणून न केलेलं दान किंवा न भरलेलं घरभाडं दाखवणारे लोक आहेत. नोटीस आली की ते सापडत नाहीत, आणि ओटीपी तर तुम्हीच दिलेला असतो.

आणि एरवी आयकर खात्यातून बोलतोय असं सांगून फोनवर ओटीपी मागणारा कुणीही खात्याचा नसतो. खातं फोन करून ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मागत नाही.

जूनमध्येच करून ठेवायची तयारी

शेवटच्या आठवड्यात धावपळ होते ती बहुतेक मोबाइल नंबरावरून. इथे तीन वेगवेगळे नंबर असतात, आणि लोक ते एकच समजतात. आयकर पोर्टलवर नोंदवलेला नंबर एक. आधारला जोडलेला दुसरा. बँकेत दिलेला तिसरा. आधार ओटीपी फक्त आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. पोर्टलवर तुम्ही नवा नंबर टाकला असला तरी त्याचा इथे काही उपयोग नाही. मामांच्या बाबतीत हेच झालं. आधार काढताना दिलेलं सिमकार्ड त्यांनी कधीच टाकून दिलं होतं.

आधारला कोणता नंबर जोडलाय ते ‘माय आधार’ संकेतस्थळावर तपासता येतं. जुना असेल तर आधार केंद्रात किंवा ही सोय असलेल्या पोस्टात जाऊन बदलून घ्या. बदल नोंदवायला काही दिवस जातात, म्हणून हे काम ३० जुलैच्या रात्रीवर, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवसावर, ठेवू नका.

मग पोर्टलवर लॉगिन करून स्वतःच्या प्रोफाइलमध्ये जा आणि तिथला मोबाइल, ईमेल नीट पाहा. रिटर्न भरून देणारे कित्येकदा सोयीसाठी स्वतःचाच ईमेल आणि नंबर तिथे घालून ठेवतात. मग रिफंडाची सूचना, नोटीस, सगळं त्यांच्याकडे जातं. तुमच्या कानावर काही येत नाही. तिथे तुमचाच नंबर आणि तुमचाच ईमेल हवा, याबाबतीत भिडस्तपणा नको. पासवर्डही तुमच्याकडेच हवा.

तिसरं काम बँक खात्याचं. प्रोफाइलमध्ये ‘माय बँक अकाउंट’ असतं. तिथे खातं जोडून ते प्रमाणित, म्हणजे व्हॅलिडेट, करून घ्या. रिफंड प्रमाणित खात्यातच येतो, आणि याच खात्यावरून सहीसाठी कोड मागवायची सोयही सुरू करता येते. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नसेल तर अडतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास हमखास होतो. बँकेत केवायसी अद्ययावत करून तो सोडवता येतो.

आधार ओटीपीने सही

सगळ्यात सोपा रस्ता हाच. रिटर्न सादर करताना शेवटी पोर्टल तीन पर्याय देतं: ‘ई-व्हेरिफाय नाऊ’, ‘ई-व्हेरिफाय लेटर’ आणि ‘व्हेरिफाय व्हाया आयटीआर-व्ही’. पहिलाच निवडा. ‘लेटर’ निवडून उद्या करू म्हणणाऱ्यांपैकीच मामा होते.

१. ‘नाऊ’ निवडल्यावर पद्धतींची यादी येते. त्यातली आधारशी नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपीची पद्धत घ्या.

२. आधारचे तपशील तपासायला तुमची संमती आहे, असा एक चौकोन असतो. त्यावर खूण केल्याशिवाय पुढचं बटण दाबलं जात नाही. पुष्कळ जण इथे अडकून ‘साइट चालत नाही’ म्हणत बसतात.

३. ओटीपी मागवा. सहा आकडी कोड येतो आणि तो पंधरा मिनिटं चालतो. आला नाही तर लगेच पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. फोनची रेंज बघा, दोन मिनिटं थांबा, मग परत मागवा. नाहीतर तीन मेसेज एकदम येतात आणि कोणता खरा ते कळत नाही. चालतो तो शेवटचा.

४. कोड टाकल्यावर पडद्यावर पडताळणी झाल्याचा संदेश आणि व्यवहार क्रमांक येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ईमेल आणि मेसेजही येतो.

आधी ‘लेटर’ निवडून बसला असाल तर लॉगिन करून ‘ई-फाइल’, त्यात ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’, त्यात ‘ई-व्हेरिफाय रिटर्न’ अशी वाट आहे. लॉगिन न करताही पोर्टलच्या पहिल्या पानावरून हे होतं. त्यासाठी पॅन, करनिर्धारण वर्ष, मोबाइल नंबर आणि पंधरा आकडी पोचपावती क्रमांक हाताशी हवा. वृद्ध आईवडिलांचं रिटर्न भरलं असेल आणि ते गावी असतील, तर ही वाट फार कामाची. त्यांच्या फोनवर ओटीपी येतो, ते वाचून दाखवतात, तुम्ही इथे टाकता. अर्थात आधी त्यांना आकडे सांगून.

आधार अडलं तर

नेटबँकिंग असेल तर घाबरायचं कारण नाही. बँकेच्या संकेतस्थळावर लॉगिन करून तिथल्या आयकर ई-फायलिंगच्या दुव्यावरून पोर्टलवर गेलात, की बँकेने तुमची ओळख पटवून दिलेली असते. तिथूनच रिटर्न निवडून सही करता येते. दुव्याचं नाव प्रत्येक बँकेत वेगळं, कुठे ‘टॅक्स’ खाली, कुठे ‘सर्व्हिसेस’ खाली. शोधावं लागतं.

दुसरा मार्ग ईव्हीसीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पडताळणी कोडचा. हा दहा अक्षर-आकड्यांचा कोड तुमच्या प्रमाणित बँक खात्यावरून किंवा डीमॅट खात्यावरून मागवता येतो आणि तो ७२ तास चालतो. आधी सांगितलेल्या ‘माय बँक अकाउंट’मध्ये त्या खात्यापुढे ईव्हीसी सुरू केलेलं हवं. एका वेळी ते एकाच बँक खात्याला सुरू ठेवता येतं. काही बँकांच्या एटीएममध्येही आयकरासाठी पिन काढायचा पर्याय असतो. कार्ड घालून तो निवडला की कोड पोर्टलवर नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. इंटरनेट बेभरवशाचं असलेल्या गावांत मला हा पर्याय आवडतो, पण तुमच्या बँकेत तो आहे का ते आधी विचारून घ्या. ही ईव्हीसीची सोय २०१५ च्या जुलैत आली. त्याआधी ज्यांच्याकडे डिजिटल स्वाक्षरी नव्हती त्या सगळ्यांचे कागद बेंगळुरूला पोस्टाने जायचे.

डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे यूएसबी टोकनवरचं प्रमाणपत्र, नोकरदाराला लागत नाही. ज्यांच्याकडे ती व्यवसायामुळे आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की ती वापरायची तर रिटर्न सादर करतानाच वापरावी लागते. ‘ई-व्हेरिफाय लेटर’ निवडलं की नंतर तिने सही होत नाही.

पेनाने सही करून पोस्टाने

इलेक्ट्रॉनिक काहीच जमत नसेल तर कागदाचा मार्ग अजून उघडा आहे. बऱ्याच जणांना वाटतं, की पूर्ण रिटर्न छापून पाठवायचं. तसं नाही. ‘आयटीआर-व्ही’ नावाचा एक पानी फॉर्म असतो, फक्त तोच. ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’मधून उतरवून घ्या. पीडीएफने पासवर्ड मागितला तर पॅन लहान अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारीख आठ आकड्यांत.

साध्या पांढऱ्या ए-फोर कागदावर काळ्या शाईत स्वच्छ छापा. प्रिंटरची शाई संपत आलेली नको, कारण खालचा बारकोड यंत्राने वाचला जातो. त्या बारकोडवर काही लिहू नका, सहीचं शेपूट तिथपर्यंत नेऊ नका, स्टेपल मारू नका. सही निळ्या शाईने, पॅनकार्डावर करता तशीच. झेरॉक्सवरची किंवा स्कॅन करून चिकटवलेली सही चालत नाही. मूळ सहीच हवी. सोबत फॉर्म १६, बँकेचं पासबुक, गुंतवणुकीचे पुरावे, काहीही जोडायचं नाही. शेजारच्या काकूंनी एकदा एवढं जाडजूड पाकीट बांधलं होतं, की पोस्टातल्या बाईंनी वजन करून विचारलं, आत पुस्तक आहे का? घरी परत आणून एक पान ठेवलं, बाकी सगळं कपाटात.

पत्ता एवढाच: सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटर, आयकर विभाग, बेंगळुरू ५६०५००, कर्नाटक. पाकिटावर तो इंग्रजीत लिहा. पुण्याच्या किंवा नाशिकच्या आयकर कचेरीत नेऊन देऊ नका, तिथे दिलेला धरत नाहीत. साध्या पोस्टाने पाठवलं तरी चालतं, पण मी स्पीड पोस्टच करते, कारण पावतीवरच्या क्रमांकाने पाकीट पोचलं का ते बघता येतं.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तीस दिवस मोजले जातात ते पाकीट बेंगळुरूला पोचल्याच्या तारखेपर्यंत. पूर्वी स्पीड पोस्टात टाकल्याची तारीख धरायचे, आणि अजून पुष्कळ लोक तेच सांगतात. २०२४ च्या अधिसूचनेपासून पोचल्याची तारीख धरतात. तेव्हा पाकीट पहिल्या आठवड्यातच टाका.

तीस दिवसांचं गणित

१ ऑगस्ट २०२२ च्या आधी या सहीला १२० दिवस मिळायचे. आता ३०. रिटर्न ३१ जुलैला वर चढवलं, तर ३० ऑगस्टपर्यंत सही झाली पाहिजे. तोपर्यंत झाली, तर रिटर्न ३१ जुलैलाच भरलं असं धरतात. ५ सप्टेंबरला सही केली, तर रिटर्न ५ सप्टेंबरला भरलं असं धरतात. मग ते उशिराचं होतं आणि उशिराच्या रिटर्नचं सगळं ओझं अंगावर येतं.

ते ओझं लोकांना वाटतं तेवढं हलकं नाही. कलम २३४एफ ची लेट फी ५,००० रुपये, एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००. कर बाकी असेल तर व्याज. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. आणि पगारदारांना सगळ्यात मोठा फटका हा, की जुनी करप्रणाली निवडायची तर रिटर्न मुदतीत असावं लागतं. उशिराच्या रिटर्नला नवी प्रणालीच लागू होते. एचआरए (घरभाडे भत्ता), ८०सी, गृहकर्जाच्या व्याजाची वजावट हिशोबात धरून बसलेल्या माणसाचा सगळा हिशोब एका न टाकलेल्या ओटीपीपायी उलटा होऊ शकतो.

मामांच्या रिटर्नला तीन महिने उलटून गेले होते. पोर्टलवर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘कंडोनेशन रिक्वेस्ट’, म्हणजे उशीर माफ करायची विनंती, आहे, तिथे उशिराचं कारण देऊन अर्ज केला. आधारचा नंबर बदलून घेतला, सही केली. रिटर्न उशिराचं धरलं गेलं आणि लेट फी रिफंडातून कापून गेली. पैशांपेक्षा मामांना वाईट वाटलं ते याचं, की दर वर्षी वेळेत भरायचा त्यांचा शिरस्ता मोडला.

सहीच्या आधीच चूक लक्षात आली, तर एक चांगली सोय आहे. सही न केलेलं रिटर्न ‘डिस्कार्ड’ करता येतं आणि नव्याने भरता येतं. एकदा टाकून दिलेलं परत येत नाही, आणि नवं मुदतीनंतर भरलं तर ते उशिराचंच ठरतं, एवढं सांभाळा. सही झाल्यानंतर चूक सापडली तर सुधारित रिटर्न भरावं लागतं. त्याची सही पुन्हा वेगळी. पहिल्यावर केली होती म्हणून दुसऱ्याला चालत नाही, इथेही खूप जण फसतात.

दुसऱ्याच्या वतीने सही

कायद्याचं कलम १४० सांगतं, की व्यक्तीच्या रिटर्नवर सही त्या व्यक्तीनेच करायची. नवऱ्याने बायकोच्या आयटीआर-व्हीवर तिच्या नावाची सही ठोकून देणं चूक आहे, घरोघरी होत असलं तरी. अपवाद मोजके आहेत. माणूस भारताबाहेर असेल किंवा अन्य कारणाने स्वतः सही करू शकत नसेल, तर वैध कुलमुखत्यारपत्र असलेली व्यक्ती करू शकते. मानसिक असमर्थता असेल तर पालक. पोर्टलवर त्या व्यक्तीची प्रतिनिधी म्हणून आधी नोंदणी करावी लागते, आणि तिला खात्याची मंजुरी मिळायला वेळ लागतो.

दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांचं भारतातलं सिम बंद झालेलं असतं, त्यामुळे आधार ओटीपी मिळत नाही. त्यांनी भारतातल्या खात्याचं नेटबँकिंग चालू ठेवावं. कुलमुखत्यारपत्राच्या खटाटोपापेक्षा ते कितीतरी सोपं.

घरातलं कुणी गेलं असेल, तर त्या वर्षीचं त्यांचं रिटर्न वारसाला भरावं लागतं. वारसाने स्वतःच्या पॅनने लॉगिन करून, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा देऊन नोंदणी करायची, आणि सही वारस म्हणून स्वतःच्या नावाने करायची. गेलेल्या माणसाच्या फोनवर ओटीपी येतोय म्हणून तो टाकून मोकळं होऊ नका.

ऐंशी वर्षांवरच्या आजी-आजोबांना मात्र आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ (रिटर्नचे साधे फॉर्म) पूर्ण कागदावर भरायची मुभा आहे. ते स्थानिक आयकर कचेरीत द्यायचं, प्रतिज्ञापनाखाली सही करायची आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच निघायचं.

सही झाल्यावर

दोन-चार दिवसांनी ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’ उघडा. पडताळणी झाल्याची नोंद तारखेसह दिसली पाहिजे. कागद पाठवला असेल तर तो मिळाल्याचा ईमेल येतो. तो आला नाही आणि तीस दिवस संपत आले, तर पाकिटाची वाट बघत बसू नका. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक मार्गाने सही करून टाका.

मग नवी पोचपावती उतरवून घ्या. आधीच्या कागदावर सहीची जागा कोरी होती. या पोचपावतीवर पडताळणी कधी आणि कशी झाली ते छापलेलं असतं. गृहकर्जाला किंवा व्हिसाला जोडायची ती हीच. मामांच्या पिशवीतला जुना कागद मी काढून घेतला आणि त्याच प्लास्टिकच्या पाकिटात ही नवी घालून दिली.